रांधणाराही पहिल्या घासाला सोबत बसेल, असं जेवण

घरातलं एकत्र जेवण नीट जमतंय का, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. ज्याने स्वयंपाक केला, तो पहिल्या घासाला बाकीच्यांबरोबर बसलेला असतो का? सगळे जेवतायत आणि एक माणूस गॅसपाशी उभा राहून वाढतोय, मध्येच मीठ आणायला उठतोय, सगळ्यांचं आटोपल्यावर एकटाच गार झालेलं खातोय, तर चार जण जेवले आणि पाचवा राबला, एवढंच झालं. शिवाय राबणारा दमून चिडला की जेवणाऱ्यांच्या गळ्याखालीही घास नीट उतरत नाही. म्हणून जेवण सोपं करायचं तर सुरुवात रांधणाऱ्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. बायकोची नोकरी पाळ्यांची. बाबा ऐंशीच्या घरातले, कवळी आणि कानात यंत्र. मुलगा तेरा वर्षांचा, त्याला भूक लागली की दम निघत नाही. मुलगी चार वर्षांची, तिला ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला चालत नाही. पुढे जे सांगतोय ते या घरात रोजच्या वापरात टिकलेलं आहे.

काय करायचं ते सकाळीच ठरवा

संध्याकाळी माणूस चिरण्या-शिजवण्याने जेवढा दमतो, त्याहून जास्त ‘आज काय करू?’ या प्रश्नाने दमतो. हा प्रश्न संध्याकाळी उरूच द्यायचा नाही. त्यासाठी आठवड्याचा साग्रसंगीत तक्ता लागत नाही, तसले तक्ते फार दिवस टिकतही नाहीत. मी फक्त वाराला प्रकार नेमून दिलेत. एका वारी कडधान्य, एका वारी अंडी, एका वारी भाज्या घातलेला भात, एका वारी सूप, एका वारी उरलंसुरलं संपवायचं. प्रकार पक्का असला की त्यातला पदार्थ फ्रीज उघडून दोन मिनिटांत ठरतो. कागद फ्रीजच्या दारावर लावलाय आणि प्रत्येकाला एकेक वार दिलाय. आपल्या वाराला काय हवं ते ज्याने त्याने आदल्या रात्रीपर्यंत लिहायचं. लिहिलं नाही तर मी ठरवीन ते खायचं. मुलीच्या वारी ती चित्र काढते.

घरच्यांना विचारायचंच झालं, तर ‘काय करू?’ असं मोकळं विचारू नका. पाच तोंडांतून पाच उत्तरं येतात आणि चौघे नाराज होतात. ‘हे करू की ते?’ एवढंच विचारा.

एक राखीव जेवणही ठरवून ठेवा. त्यातली प्रत्येक वस्तू डब्यात, बाटलीत किंवा फ्रीजरमध्ये टिकणारी असावी आणि वीस-पंचवीस मिनिटांत ते ताटात यावं. आमच्याकडे तांदूळ, मसूर आणि गोठवलेले मटार, हे तिन्ही एकाच भांड्यात शिजतं. ते वापरलं की त्याच आठवड्यात सामान भरून ठेवायचं, ही अट मात्र पाळावी लागते. घरी यायला उशीर झालेल्या दिवशी हेच जेवण एकत्र बसणं वाचवतं.

स्वयंपाक एकच, ताटं वेगळी

तिखट खाणारे, फिकं खाणारे, मऊ लागणारे, मीठ कमी असलेले, असे सगळे एका घरात असले की रांधणारा तीन-तीन स्वयंपाक करत बसतो. ते करू नये. मुळातला पदार्थ साधा शिजवायचा आणि फरक शेवटी करायचे.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. भाज्या आणि डाळ एका पातेल्यात शिजते. मीठ-मसाला पडायच्या आधी मी दोन वाट्या बाजूला काढतो. एक मुलीची, त्यातले गाजराचे तुकडे वेगळे काढून ताटात शेजारी ठेवायचे. दुसरी बाबांची, ती डावाने घोटून जरा पातळ करायची, म्हणजे कवळीला त्रास होत नाही. मग उरलेल्यात मसाला. तिखट वेगळ्या वाटीत जेवायच्या जागी जातं, लिंबू कापून जातं, काहीतरी कुरकुरीत जातं. ज्याला जे हवं ते तो आपल्या ताटात घालून घेतो. या सगळ्याला जास्तीची तीन-चार मिनिटं लागतात. दुसरा स्वयंपाक करायला अर्धा तास जातो.

मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचाही नाही. तेव्हा पातेल्यात हात आखडता ठेवणं सगळ्यांच्याच भल्याचं आहे. लिंबू पिळलं की मिठाची उणीव बरीच झाकली जाते.

आणखी एक नियम मी कधी मोडत नाही. रोजच्या जेवणात एक तरी पदार्थ असा असतो जो प्रत्येकजण नक्की खातो. मग तो साधा भात का असेना. त्यामुळे नवीन काही केलं तरी कुणी उपाशी उठत नाही, आणि ‘मला हे आवडत नाही’वरून वाद पेटत नाही.

उठायची कारणं संपवा

ही युक्ती फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. आठवडाभर जेवताना कोण कशासाठी उठलं ते कागदावर टिपा. आमच्या कागदावर पाणी, मीठ, आणखी एक चमचा, सांडलेलं पुसायला फडकं, बाबांची गोळी, पुन्हा पाणी, असंच सगळं होतं. आता या सगळ्याचा एक ट्रे आहे. उंच कडांचा, दोन्ही हातांनी उचलता येईल असा. त्यात मिठाची बाटली, तिखट, चार जादा चमचे, एक रिकामी वाटी, घडी केलेलं ओलं फडकं आणि एक कोरडं, गोळ्यांची डबी. जेवायला बसायच्या आधी ट्रे येतो, मोठा पाण्याचा जग येतो, आणि मग मी बसतो तो उठत नाही. जेवण झालं की ट्रे जसाच्या तसा कपाटात. फक्त ओलं फडकं बदलायचं.

पातेली मध्ये ठेवा आणि ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने वाढून घ्यावं. रांधणाऱ्याची सुटका होते आणि मुलांना आपल्या भुकेचा अंदाज यायला लागतो. मुलगी पहिल्यांदा थोडंच वाढून घेते, पुन्हा घेते. सांडतं, पण त्यासाठी फडकं आहेच. लहान मूल असेल तर दोन गोष्टी सांभाळा. गरम आणि जड भांडं त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. आणि टेबलावरून खाली लोंबणारं कापड घालू नका, ते ओढलं की गरम भांडं अंगावर येतं.

हाक कधी मारायची यालाही महत्त्व आहे. सगळं तयार झाल्यावर हाक मारली की येईपर्यंत जेवण गार होतं आणि हाक मारणाऱ्याचा आवाज चढतो. मी आच मंद करतो तेव्हाच, साधारण दहा मिनिटं आधी, हाक मारतो, आणि ती हाक जेवायची नसून मांडायची असते. मुलाकडे ताटं आणि पाणी, मुलीकडे चमचे, बाबांकडे लिंबू आणि काकडी कापणं. बाबा सावकाश कापतात. ते काम त्यांच्याकडून काढून घेऊ नये. हातात काम असलेलं माणूस जेवणाच्या जागी आपोआप येऊन पोचतं.

लहान मूल काय खातं याची काळजी

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ आणि कौटुंबिक समुपदेशक. मुलांच्या खाण्याची जबाबदारी त्यांनी दोन भागांत वाटली आहे. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे द्यायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. मला हे पटतं. घरात हे खरोखर पाळलं तर जेवणावरची निम्मी भांडणं मिटतात. अट एवढीच, की आपण आपला भाग सोडायचा नाही. मुलाने नाही म्हटलं की लगेच दुसरं काहीतरी करून देणं म्हणजे आपलं काम त्याच्या गळ्यात घालणं. आणि ‘अजून दोन घास’ म्हणून मागे लागणं म्हणजे त्याचं काम आपण हिसकावणं.

साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलं नव्या पदार्थाला बिचकतात, हे वाढीतलंच आहे. एखादा पदार्थ स्वीकारायला अशा मुलांना तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. बरेच आईबाप त्याच्या कितीतरी आधीच ‘आमचं मूल हे खातच नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतात. चमचाभर ताटात ठेवावं, त्याविषयी एक शब्दही बोलू नये, आणि आपण ते चवीने खावं. ‘हे संपवलंस तर गोड देईन’ असं कधीच म्हणू नका. गोड हे बक्षीस आणि भाजी ही शिक्षा, हेच मूल त्यातून शिकतं. आमच्याकडे गोड असलं तर बाकीच्या पदार्थांबरोबरच छोट्या वाटीत येतं. तिने ते आधी खाल्लं तरी मी काही म्हणत नाही.

मूल चुळबुळ करतं, सारखं उतरतं, याचं एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्याचे पाय लोंबकळत असतात. मोठ्या माणसाने उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून अर्धा तास बसून पाहावं. पायाखाली खोका, पाटी, जाड पुस्तकांचा गठ्ठा, काहीही द्या. तळवे टेकलेले आणि गुडघे वाकलेले हवेत. मुलीच्या खुर्चीला मी एक लाकडी खोका दोरीने बांधलाय, त्याने ती जास्त वेळ बसते. तरी चार वर्षांच्या मुलाकडून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त अपेक्षा करू नये. पोट भरलं असं ती म्हणाली की ताट जागेवर नेऊन ठेवते आणि मोकळी होते.

सुरक्षिततेबाबत मात्र मी कडक आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खी द्राक्षं देऊ नका, उभी चिरून चार फाका करा. अख्खे दाणे आणि कडक सुकामेवा नको. कच्चं गाजर जाड तुकड्यांत नको. आणि तोंडात घास असताना पळणं बंद, त्यात कुणालाही सूट नाही.

तेरा वर्षांचा मुलगा

शाळेतून आलेल्या मुलाने पाच वाजता डब्यातलं काहीबाही पोटभर खाल्लं की आठला तो जेवायला नुसता हजर असतो. आणि त्याला भूक मारून बसवणं शक्य नाही, योग्यही नाही. त्यामुळे जेवणाचाच एक भाग मी पाचला पुढे आणला. चिरलेली कच्ची भाजी, फळ, उकडलेलं अंडं. ते खाल्लं तरी जेवणाची जागा शिल्लक राहते.

या वयाच्या मुलांना जेवताना गुण, अभ्यास आणि वजन यांविषयी विचारू नका. मी कळकळीने सांगतो, एवढं पाळलंत तरी मूल टेबलापाशी टिकेल. ते प्रश्न महत्त्वाचे असतात, म्हणूनच त्यांना वेगळी वेळ द्या. जेवताना त्याला असं काही विचारा ज्याची माहिती घरात फक्त त्यालाच आहे.

आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाक त्याच्याकडे असतो. मी फक्त आसपास असतो. शेजारी उभा राहून सूचना देत नाही.

म्हाताऱ्या माणसाला गप्पांत घ्या

ऐकू कमी येणारं माणूस जेवताना सगळ्यात एकटं पडतं. कानातलं यंत्र बोलणं मोठं करतं, तसा भांड्यांचा खणखणाटही मोठा करतं. टीव्ही बंद, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद, एका वेळी एकानेच बोलायचं. बाबांना पाठीमागे भिंत येईल अशी जागा दिली आहे, म्हणजे मागून आवाज येत नाही. आणि दिवा असा आहे की बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडतो, कारण निम्मं ऐकणं ओठांकडे पाहून होतं. बसण्याच्या जागा बदलल्यापासून ते पुन्हा मध्येच बोलायला लागले. त्याचा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

ताटाचा रंगही बघा. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली अल्झायमर बळावलेल्या काही रुग्णांना पांढऱ्याऐवजी लालभडक ताटल्यांत जेवण दिलं, तर त्यांचं खाणं जवळपास २५ टक्क्यांनी वाढलं. अभ्यास अगदी लहान होता आणि आमच्या बाबांना तो आजार नाही. पण मोतीबिंदूमुळे पांढऱ्या ताटातला पांढरा भात त्यांना नीट दिसत नव्हता. आता त्यांचं ताट गडद निळं आहे आणि ताटाच्या कडेला उरणारा भात उरत नाही.

सावकाश जेवणारं माणूस असेल तर बाकीच्यांनी ताटं उचलायची घाई करू नये. आणि म्हाताऱ्या माणसाला जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर ते वयावर ढकलू नका, गिळण्याचा त्रास असू शकतो. ताठ बसवून जेवू द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

बोलणं

फोनसाठी एक टोपली आहे आणि तिच्यात पहिला फोन माझा जातो. बायकोला कामावरून बोलावणं येऊ शकतं, म्हणून तिचा फोन टोपलीत असला तरी त्याचा आवाज चालू असतो. मुलांना हा फरक समजावून सांगितलाय, त्यांनी तो मान्य केलाय.

एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी मुलांना आपल्या घराण्याविषयी किती ठाऊक आहे हे पाहण्यासाठी वीस प्रश्न तयार केले. आईवडील कसे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा आत्मविश्वास चांगला दिसला. उत्तरं पाठ करून घेण्यात अर्थ नाही, हे या संशोधकांनीच सांगितलं आहे. ती उत्तरं मुलांपर्यंत पोचतात ती वर्षानुवर्षं एकत्र बसून झालेल्या गप्पांतून. हे वाचल्यावर मी बाबांना मुलांसमोर विचारायला लागलो. पहिला पगार कशावर खर्च केला? सगळ्यात जास्त मार कशासाठी खाल्ला? मुलगा जेवता जेवता थांबून ऐकतो. पडझडीच्या गोष्टीही सांगू द्याव्यात. नोकरी गेली तेव्हा घर कसं चाललं, हे मुलांना कळायला हवं.

मुलीची गोष्ट मुंगीपासून सुरू होते आणि कुठे संपेल सांगता येत नाही. ती पूर्ण ऐकायची. एखाद्या दिवशी कुणालाच बोलावंसं वाटत नाही, तेव्हा गप्प बसून जेवावं.

वेळ जमत नसेल तर

एकत्र जेवण रात्रीचंच हवं असं काही नाही. बायकोला रातपाळी असते त्या आठवड्यात आम्ही सकाळची न्याहारी धरतो. ती कामावरून येते आणि मुलं शाळेला निघायची असतात, त्यामधली ती वीस मिनिटं. रोज जमलं नाही तरी जेवढं जमतं ते धरून ठेवावं. एकत्र जेवणाऱ्या घरांतली मुलं बऱ्याच बाबतींत बरी असतात असं अनेक अभ्यासांत दिसलंय, पण त्याला जेवणच कारण आहे की त्या घरांतल्या इतर गोष्टी, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला एकत्र बसणं आवडतं, एवढं कारण मला पुरतं.

उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून बाहेर ठेवू नका. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, ५ अंशांखाली, गेलं पाहिजे. हवा फार तापलेली असेल तर तासाभरातच. ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भाताची जास्त काळजी घ्या. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मोठ्या पातेल्यात अन्न लवकर निवत नाही, म्हणून उथळ डब्यांत काढा. परत वाढताना वाफा येईपर्यंत गरम करा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

उशिरा आलेल्याला एकट्याने जेवू देऊ नये. कुणीतरी एकाने, पाण्याचा पेला घेऊन का होईना, समोर बसावं.

आवराआवर

ज्याने रांधलं त्याने भांडी घासायची नाहीत. आमच्याकडे जेवण झाल्यावर दहा मिनिटं सगळे कामाला लागतात. एक जण घासतो, एक डबे भरतो आणि भांडी पुसतो, मुलगी चमचे खणात लावते. बाबा बसल्या बसल्या फडकी घडी करतात. मी तेवढ्या वेळात फ्रीजवरचा कागद बघतो, उद्या कडधान्याचा वार असेल तर ते भिजत घालतो, आणि पाण्याचा जग भरून ठेवतो.

हे सगळं एकदम सुरू करू नका, घरचे वैतागतील. आधी आठवडाभर उठायची कारणं टिपा आणि ट्रे भरा. रांधणारा बसला, की पुढचं काय बदलायचं ते सगळ्यांनी मिळून जेवता जेवता ठरवता येतं.